अडीचशे ग्रॅमचा फ्लाय रॉड आणि माझे 9,078 रुपये

पिसांच्या गळाची काठी, म्हणजे फ्लाय रॉड, मोबाइलवरून मागवताना माझे किती गेले, आधी तो आकडाच सांगतो. 3,899 अधिक 640 अधिक 4,539, एकूण 9,078 रुपये. एसटीचं जाणं-येणं दोनदा मिळून 380 आणि झेरॉक्सचे 64 धरले तर 9,522. झेरॉक्सचे 64 मुद्दाम धरलेत, कारण सगळ्यात जास्त राग त्या 64 चा आहे. ते पुढं येईलच.

गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी माझं कृषी सेवा केंद्र आहे. गावाचं नाव लिहीत नाही. निम्म्या गावाला कळलंच आहे, उरलेल्या निम्म्याला मी कशाला सांगू? एकवीस वर्षं बियाणं आणि खत विकतोय. दर जूनला गिऱ्हाइकापुढं माझं एकच तुणतुणं असतं: पक्की पावती घ्या, टॅग बघा, लॉट नंबर जुळवा, पिशवी फेकू नका, शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा, सत्तर उगवले तरच सोयाबीन रानात न्या. असं सांगणारा मी अनोळखी नंबरवर पावती न मागता पैसे टाकून बसलो. "आपल्याला कोण फसवतंय" असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात ठेवून पुढं वाचावं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही हिमाचलला गेलो होतो. तीर्थन नदीवर मत्स्य विभागाचा परवाना काढून ट्राउट धरणारे लोक पाहिले. गाईडनं अर्धा तास काठी माझ्या हातात दिली. मासा एकही लागला नाही. पण ती लाइन डोक्यावरून मागं जाऊन हवेत सरळ होते, मग पुढं येते आणि पिसांचा गळ पाण्यावर म्हातारीच्या कापसासारखा टेकतो, ते काही डोक्यातून जाईना. मी लहानपणापासून गोदावरीत गळ टाकलेला माणूस. वेळूची काठी, गांडूळ, कणकेची गोळी, शिशाचा तुकडा, बस. आपल्याकडच्या चिलापीला आणि मरळीला हा पिसांचा गळ दाखवून बघावा, एवढीच इच्छा.

बायको म्हणाली, "दुकानात बसून माश्या मारताच की, आता त्याला येगळी काठी कामून पायजे?"

तिथंच थांबायला हवं होतं. पण मी वर्षभर माहिती काढली. हे सांगतोय कारण लोक म्हणतात, अभ्यास न करता घेतलं असणार. अभ्यास केला होता. म्हणूनच जास्त लागतंय.

साध्या गळात शिशाचं वजन दोर ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला वजनच नसतं, ती पिसं असतात. वजन लाइनला असतं, आणि शेवयीएवढी जाड ती लाइनच गळाला घेऊन जाते. म्हणून रॉडवर नंबर असतो, त्याला वेट म्हणतात, आणि त्याच नंबरची लाइन लागते. 5 नंबरच्या लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे 9 ग्रॅमच्या जरा वर. 8 नंबरचं 210 ग्रेन. चिलापी आणि लहान कार्पसाठी 5 किंवा 6 पुरतो. मरळ शेवाळात, पानवेलीत घुसते, तिला ओढून काढायला 7-8 बरा. रॉडची लांबी 9 फूट. हे सगळं माझ्या दुकानाच्या उधारीच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेलं आहे, अजूनही.

11 जूनला मोबाइलवर जाहिरात आली. नवशिक्यांसाठी पूर्ण कॉम्बो: रॉड, रीळ, लाइन, लीडर (लाइन आणि गळ यांच्यामधला नायलॉन), चाळीस फ्लाय, म्हणजे तेच पिसांचे गळ, आणि बॅग. 14,999 खोडून 3,899. पाच फोटो होते. चार झकास, पाचवा "बॉक्समध्ये काय मिळेल" असा.

त्या पाचव्या फोटोवर मी अंगठा ठेवून तो मोठा केला होता. फ्लाय रॉडला रीळ अगदी शेवटी, मुठीच्या खाली, हाताच्या मागं असतं. तीर्थनला हातात धरलेला रॉड तसाच होता. कड्या म्हणाल तर वाकवलेल्या तारेच्या, बारीक. फोटोत रीळ मुठीच्या मधोमध लटकलेलं, आणि पहिली कडी बांगडीएवढी. म्हणजे साधा स्पिनिंग रॉड. मला दिसलं. खोटं कशाला बोलू, दिसलं. मनात आलंही, हे काहीतरी वेगळं आहे. आणि मग मनच म्हणालं, स्वस्तातलं मॉडेल असेल.

तरी विचारावं म्हणून फोन लावला. पलीकडं हिंदी बोलणारा पोरगा. विचारलं, "रॉड कितने वेट का है?"

"सर, ढाई सौ ग्राम."

बस. इथंच सगळं संपायला हवं होतं. फ्लाय रॉड विकणाऱ्याला वेट म्हणजे काय ते माहीत नाही, तो काट्यावरचं वजन सांगतो! माझ्या दुकानात येऊन कुणी 10:26:26 खत मागितलं आणि मी म्हणालो, "दहा रुपयाला सव्वीस किलो," तर गिऱ्हाईक पायरीवरूनच माघारी जाईल. आणि मी काय केलं? हसलो. म्हटलं, पोरगा नवा आहे, पगारी आहे, माझ्या दुकानातल्या पोरालाही अर्ध्या औषधांची नावं नीट येत नाहीत. त्याची कीव आली मला! रात्री झोप लागत नाही तेव्हा नऊ हजार आठवत नाहीत, ते "ढाई सौ ग्राम" ऐकू येतं.

3,899 टाकले. घरपोच आल्यावर पैसे द्यायची सोय "सिर्फ मेट्रो के लिए" होती. दुसऱ्या दिवशी पार्सलच्या विम्याचे 640, "रिफंडेबल". टाकले. तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी. पण मृग लागलेला, पाऊस झालेला, दुकानासमोर डीएपीसाठी रांग, माल आलाय का म्हणून दर मिनिटाला फोन. अशा वेळी 640 रुपयांवर कोण डोकं चालवतं?

19 तारखेला पार्सल आलं. दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा फायबरचा रॉड. प्लॅस्टिकचं स्पिनिंग रीळ, त्यावर साधा नायलॉन. डबीत रबरी बेडूक आणि पत्र्याचे मासे. पिसाचा एक तंतू नाही. आठवडी बाजारात असला रॉड पाचशे-सहाशेला मिळतो. मुठीवर ना लांबी, ना नंबर, ना कंपनीचं नाव. बियाण्याच्या पिशवीला टॅग नसेल तर ती मी दुकानात ठेवतसुद्धा नाही.

तरी दुसऱ्या दिवशी पहाटे पाझर तलावावर गेलो. का गेलो विचारू नका, माणूस स्वतःची समजूत काढत असतो. घरच्या कोंबड्याच्या पिसाचा गळ बांधला आणि तीर्थनला शिकवल्यासारखी काठी मागं-पुढं केली. वजनच नाही तर जाणार कुठं? पीस माझ्याच बुटावर पडलं. म्हशी घेऊन आलेली दोन पोरं बांधावर बसून बघत होती. एक जण म्हणाला, "मामा, भूत उतरवायलाव का?"

त्या दिवशी मी त्या नंबरला चांगल्या शिव्या दिल्या. तो शांत. "सॉरी सर, गलत पार्सल चला गया, पूरा 4,539 रिफंड." 21 तारखेला भर दुपारी, काउंटरवर सात-आठ माणसं असताना, त्यानं क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करा, रक्कम भरलेली आहे, पिन टाका, पैसे जमा. मी पिन टाकला. 4,539 गेले.

माझ्या स्वतःच्या काउंटरवर चिकटवलेला कोड आहे. रोज पन्नास माणसं तो स्कॅन करतात, पिन टाकतात, आणि त्यांच्या खात्यातून पैसे जातात. माझ्या डोळ्यांसमोर. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगू? मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. समोरचा म्हातारा विचारत होता, "मालक, युरियासंगं लिंकिंगचा दुसरा माल घ्यावाच लागतोय का?" आणि माझा हात पिन टाकत होता.

पाच दिवस कुणाला सांगितलं नाही. लाजेनं. ही माझी सगळ्यात मोठी चूक. 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर पहिल्या तासाभरात फिरवायचा असतो, तेव्हा पैसे पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता असते. पाच दिवसांत ते कुठल्या कुठं गेलेले असतात. रक्कम लहान का असेना, लाज नंतर वाटून घ्या, आधी फोन लावा.

26 ला ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "किती गेले शेट?" सांगितलं. "नऊ हजार? आवो, इथं नऊ लाखवाले बाकड्यावर बसलेत." मग तो विनोद: मासे धरायला गेलात आन तुम्हीच गळाला लागलात. आतापर्यंत अकरा जणांनी केलाय, बाराव्यानं करू नये. म्हणाले, हे सायबरचं काम, जिल्ह्याला जा. जिल्ह्याला गेलो. तिथं म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यातून या. मी म्हटलं, त्यांनीच पाठवलं. "लेखी दिलंय का त्यांनी?" पाठवणारा लेखी देतो का कधी? मग सगळ्या संभाषणाच्या तीन प्रती मागितल्या. समोरच्या दुकानात 64 रुपये दिले. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये रकमा दिसेनात म्हणून काही पानं पुन्हा काढली. घेऊन आलो, तर साहेब जेवायला. साहेब आले, कागद न बघताच म्हणाले, "हे कशाला? पोर्टलवर भरा ना ऑनलाइन." कागद परत. अजून दुकानात आहेत, मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब करतो.

दुसऱ्या खेपेला तक्रार टाइप करून घेतली. टाइप करणाऱ्याला फ्लाय रॉड म्हणजे काय ते मी दोनदा समजावलं. छापून आलं: "मासे पकडण्याचे उडते यंत्र." दुरुस्त करा म्हटलं तर म्हणाले, "त्यानं काय फरक पडतो, पैसे तर गेलेच ना." बरोबर आहे त्यांचं. पैसे गेलेच.

बँकेत तर मीच गुन्हेगार. "पिन तुम्हीच टाकला ना?" हो. "मग आम्ही काय करणार?" आपल्या संमतीशिवाय पैसे गेले तर रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आहेत, पण पिन टाकला की ती संमती. ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणी, कुठली कागदपत्रं बघून उघडलं? हे विचारल्यावर, ती दुसरी बँक आहे. माझ्या आईला पेन्शनच्या खात्यासाठी तीनदा बोलावलं होतं, अंगठा जुळत नाही म्हणून. या चोराचा अंगठा बरा जुळला!

ग्राहक आयोगाचंही पाहिलं. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. छान. पण समोरच्याचा पत्ता लागतो. कुरियरवाल्याकडं पाठवणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी मोबाइल नंबर होता, तोच, बंद झालेला. म्हणून पैसे टाकायच्या आधी पक्कं बिल, जीएसटी नंबर आणि पत्ता मागा. न देणारा माणूस दुकानदार नसतो, हे मी स्वतः दुकानदार असून सांगतोय.

आता ज्यांना अजूनही हा नाद करायचाय त्यांच्यासाठी. पैसे लाइनवर घाला, रीळवर नको. आपल्या चिलापीसाठी रीळ म्हणजे लाइन गुंडाळायची भिंगरी, बाकी काही नाही. नावाजलेल्या कंपनीची नुसती लाइनच माझ्या "कॉम्बो"च्या किमतीला जाऊन भिडते, तेव्हा चार हजारांत चाळीस फ्लायसकट सगळं देणाऱ्याला आधी रॉडच्या मुठीवरचा फोटो मागा, जिथं लांबी आणि नंबर छापलेला असतो. लाइनच्या डबीवर WF5F असं काहीतरी हवं: पुढं जड, पाच नंबर, तरंगणारी. लीडरसाठी पैसे घालू नका, जाड, मध्यम आणि बारीक नायलॉनचे तुकडे क्रमानं जोडले की सुरुवातीला भागतं. कोंबडा घरचा आहेच. डोळ्यावर गॉगल लावा, गळ मागून येतो. आणि कार्बनचा रॉड विजेच्या तारेखाली उभा करू नका, त्यातून करंट येतो. आपल्या नदीकाठी पाण्याच्या मोटारींच्या तारा किती खाली लोंबतात ते तुम्हाला माहीत आहे. तलाव मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असेल तर आधी विचारा, तिथं वेगळंच प्रकरण होतं.

पोर्टलवर माझ्या तक्रारीपुढं आता "निकाली" असं दिसतंय. कशी निकाली काढली, कुणी फोन केला नाही. तो दुर्बिणी रॉड भाच्यानं नेला, चिंचा पाडायला लांब पडतो म्हणे.

परवा रात्री दुकान बंद करताना तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं. किंमत 3,499. खाली मराठीत लिहिलं, "फसवणूक आहे, घेऊ नका." दोन मिनिटांत माझी कमेंट गायब, आणि मला ब्लॉक. बायकोच्या मोबाइलवरून उघडून बघितली. फोटो तेच पाच आहेत. पाचव्यात रीळ अजून मुठीच्या मधोमधच लटकतंय.