गंजिफा की तंबोरा?

दहावीची परीक्षा संपलीय, पोरगी मोबाइल घेऊन लोळतेय आणि सुट्टीत तिला एखाद्या जुन्या कारागिराजवळ बसवावं असं तुमच्या मनात आलंय. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या खेळाचे पत्ते, रंगवायला पाठवाल, की मिरजेत तंबोरे बनतात तिथे? नवे हात दोन्हीकडे हवेच आहेत. बाकी सगळं वेगळं.

हाताशी आठच दिवस असतील तर डोळे मिटून सावंतवाडी. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंत. पत्ता गोल, तळहातात मावणारा. तेवढ्यातच मासा, कासव, वराह बसवायचा. मीही एकदा बसले होते. माझा मत्स्य थेट बोंबील दिसत होता, पण तो घरी घेऊन आले. सोळाव्या वर्षी असं काहीतरी चटकन हाती लागलं तर पोरं टिकतात.

अडचण पुढे आहे. 1970च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ही कला उचलून धरली, म्हणून ती आज दिसते. पण पत्ते घेणारे बहुतेक जण ते भिंतीवर लावतात. खेळतो कोण?

तंबोऱ्याचं तसं नाही. गवयाला तो लागतोच. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीने धंद्याला चिमटा काढला असला तरी मैफलीत खरा तंबोराच मागतात. मिरजेत हे काम सुरू केलं ते शिकलगारांनी. हत्यारांना धार लावायचं काम घटलं, तसे एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले.

इथे आठ दिवसांत मात्र पदरात काही पडत नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा वाळवा, कापा, आतून खरवडा. नवख्याच्या वाट्याला हीच कामं. खरी विद्या जवारीत, म्हणजे तंबोऱ्याचा गुंजणारा आवाज काढण्यात. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. तारेखाली सुताचा धागा असतो, त्याला ‘जीव’ म्हणतात. तो केसभर सरकला की आवाज एकदम खुलतो, नाहीतर बसतो. हा फरक ऐकू यायलाच महिने जातात.

तेव्हा पोरगी वहीच्या समासात चित्रं काढत असेल तर सावंतवाडी. गाणं शिकत असेल, कान तयार असेल आणि पुढच्या सुट्ट्याही देणार असाल तर मिरज. माझा कौल तिकडेच. फक्त तिथे हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या पुरुषांकडे आहे, मुलीला बसवतील का ते आधीच विचारून घ्या.

आणि सावंतवाडी ठरलीच, तर नुसतं रंगवून परत येऊ देऊ नका, खेळायलाही शिकून यायला सांगा. डाव दिवसा असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी, रात्री असेल तर कृष्णाचा.