माझदा एमएक्स-५ : दीड लिटर घ्यावी की दोन लिटर?

ब्रिटनमध्ये सेकंड-हँड एमएक्स-५, म्हणजे माझदाची दोन सीटची, उघड्या छपराची स्पोर्ट्स कार, शोधायला बसलं, की रंग आणि सीटच्या आधी इंजिनाचा हा प्रश्न येतो. माझदा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे हा हिशोब मुख्यतः तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींच्या कामाचा. बोलतोय ते २०१५ साली आलेल्या एनडी पिढीबद्दल, आणि तेही मॅन्युअल गियरबॉक्सच्या गाडीबद्दल. ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर हे पुढचं बरंचसं गैरलागू.

निकाल आधीच सांगून टाकू. २०१८च्या सुधारणेआधीची गाडी असेल तर दीड लिटर, नंतरची असेल आणि खिसा साथ देत असेल तर दोन लिटर.

दीड लिटरचं इंजिन १,४९६ सीसीचं. १३१ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) ताकद, तीही थेट ७,००० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे), आणि रेडलाइन, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, ७,५०० ला. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १५० एनएम. जुन्या दोन लिटरला १६० पीएस आणि २०० एनएम मिळतात, म्हणजे कागदावर सामना एकतर्फी. शून्य ते शंभरलाही ८.३ सेकंदांच्या जागी ७.३. पण हे जुनं इंजिन ६,००० ला आपली पूर्ण ताकद देऊन मोकळं होतं आणि ६,८०० ला रेडलाइन येते. दोन्ही गाड्यांच्या गियरचे रेशो सारखेच. त्यामुळे दुसऱ्या गियरमध्ये दीड लिटर जवळजवळ शंभरपर्यंत खेचते, तर जुनी दोन लिटर ९२च्या आसपास संपते आणि तिसरा टाकावा लागतो. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी रंगात आलेली असताना नेमका हाच खोडा पडतो. दीड लिटर वर जाताना आवाजही मोकळा करते. जुन्या दोन लिटरचा आवाज वर गेल्यावर नुसता मोठा होतो.

२०१८ मध्ये माझदाने दोन लिटरच्या आतल्या भागांना हात घातला. प्रत्येक पिस्टन २७ ग्रॅमने आणि कनेक्टिंग रॉड ४१ ग्रॅमने हलका केला, थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह मोठे केले. हे का करावं लागलं ते स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली सरकतो ते अंतर, बघितला की कळतं. दीड लिटरचा स्ट्रोक ८५.८ मिमी, दोन लिटरचा ९१.२. ७,५०० आरपीएमला दीड लिटरच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साधारण २१.५ मीटर पडतो, दोन लिटरचा २२.८. जड पिस्टन त्या वेगाने वरखाली फिरवला तर ताण रॉड आणि बेअरिंगवर येतो. वजन उतरवल्यावर रेडलाइन ७,५०० वर नेता आली, ताकद १८४ पीएस झाली, आणि २०५ एनएमचा टॉर्क ४,००० लाच हाताशी आला. शंभर गाठायला ६.५ सेकंद. थोडक्यात, दीड लिटरची वर पळायची हौस दोन लिटरलाही लागली, आणि तिथे दीड लिटरचा मोठा मुद्दा निकालात निघाला.

ओव्हरटेकमध्ये फरक कसा दिसतो बघा. ताशी ८० किमीला चौथ्या गियरमध्ये दीड लिटर सुमारे ३,२०० आरपीएमवर असते, आणि तिथे तिच्यात फारसा जीव नसतो. तिसरा टाकला की ४,१०० होतात आणि मग ती १४५ पर्यंत एकाच गियरमध्ये जाते. म्हणजे काम होतं, पण गियर पाडल्याशिवाय नाही. १८४ पीएसवाली चौथ्यातच निघून जाते. ज्याला गियर टाकायचा कंटाळा आहे त्याने दीड लिटरच्या वाटेला जाऊ नये (खरं तर एमएक्स-५च्याच).

इंजिनाबरोबर काय काय येतं, हे जाहिरातीत नीट लिहिलेलं नसतं आणि पैसे त्यातच असतात. ब्रिटिश बाजारात मॅन्युअल दोन लिटरला लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल (एकच मागचं चाक नुसतं फिरत राहू न देणारा भाग) मिळतो, दीड लिटरला नाही. ओल्या रस्त्यावर राउंडअबाउटमधून बाहेर पडताना दुसऱ्या गियरमध्ये पाय दिला तर दीड लिटरचं आतलं मागचं चाक फिरत राहतं आणि ताकद वाया जाते. वरच्या ट्रिमच्या (महागड्या व्हेरियंटच्या) दोन लिटरला बिलस्टाइनचे शॉक अब्जॉर्बर असतात, त्यामुळे गाडी वळणात कमी झुकते पण खड्डे जास्त कळतात. टायर दीड लिटरला १९५/५० आर१६, दोन लिटरला २०५/४५ आर१७. सोळा इंचीची जाड कड खराब रस्त्यावर उपकारच करते आणि टायर स्वस्तही पडतो. पेट्रोलचा फरक मात्र डोक्यात घेऊ नका. डब्ल्यूएलटीपी या अधिकृत चाचणीच्या हिशोबाने शंभर किमीला ६.३ आणि ६.९ लिटर. इन्शुरन्स दीड लिटरचा कमी, आणि तरुण चालकाला तिथेच जास्त फरक जाणवेल.

आता घेताना. २०१८ सालच्या गाड्यांत दोन्ही प्रकारच्या दोन लिटर सापडतात. स्टिअरिंग पुढेमागे सरकत असेल तर ती सुधारित गाडी; नुसतं वरखाली होत असेल तर जुनी. लॉगबुकात (गाडीच्या नोंदणीच्या कागदात) ताकद किलोवॅटमध्ये लिहिलेली असेल तर तीही बघा, १३५ म्हणजे नवी, ११८ म्हणजे जुनी.

सुरुवातीच्या वर्षांच्या गाड्यांत गियरबॉक्स हे ज्ञात दुखणं आहे, विशेषतः दोन लिटरमध्ये, कारण टॉर्क जास्त. माझदाने त्यात पुढे सुधारणा केल्या. विक्रेत्याला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात थोडा अडकल्यासारखा जाणं चालतं. गरम झाल्यावरही कर्रकन आवाज आला, किंवा दुसऱ्या-तिसऱ्यात वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर किंमत विचारायच्या आधीच निघा.

कापडी छपराच्या गाडीत सीटमागचा गालिचा हाताने दाबून ओल तपासा. छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांच्या कचऱ्याने तुंबतात आणि पाणी आत झिरपतं. त्या मऊ, लवचीक ब्रशने साफ करायच्या. हवेच्या जोरदार फवाऱ्याने नळी जागेवरून निसटू शकते. शेवटी गाडी उचलून मागची सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांची जोडणी धरणारी खालची चौकट, बघा. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तिथे गंज चढतो आणि व्हील अलाइनमेंटचे बोल्ट जाम होतात. ते जाम असतील तर अलाइनमेंट होणार नाही, आणि बोल्ट कापून नवे घालण्याची मजुरी बोल्टच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त येते. तेवढी रक्कम सौद्यातूनच वजा करून घ्या, इंजिन कोणतंही असो.