दोन भागांची स्टोमा बॅग: पिशवीआधी चकती बघा

स्टोमा म्हणजे शस्त्रक्रियेने आतड्याचे तोंड पोटावर आणून केलेली वाट. तिथून बाहेर येणारा मळ (विष्ठा) स्टोमा बॅगेत जमा होतो. ही बॅग निवडताना बहुतेकांचे लक्ष पिशवीच्या आकाराकडे आणि रंगाकडे जाते. पण सगळा भार असतो तो त्वचेला चिकटणाऱ्या चकतीवर, म्हणजे बेसप्लेटवर. डेन्मार्कच्या नर्स एलिझ सोरेनसेन यांनी 1954 मध्ये नेमकी हीच गरज ओळखली. त्यांची बहीण थोरा हिच्या पोटावर स्टोमा होता आणि गळतीच्या धास्तीने ती चारचौघांत जाईनाशी झाली होती. त्या काळी मिळणारी साधने जड, पट्ट्याने बांधायची असत. सोरेनसेन यांनी सुचवली पातळ प्लास्टिकची, थेट त्वचेला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी. प्लास्टिकच्या वस्तू बनवणारे ओगे लुई-हान्सन यांनी ती तयार केली, तीही पत्नी योहाने यांनी आग्रह धरल्यावर. योहाने स्वतः नर्स होत्या.

आजच्या दोन भागांच्या बॅगेत चकती वेगळी आणि पिशवी वेगळी असते. पिशवी बदलताना चकती उपटावी लागत नाही, त्यामुळे त्वचा कमी सोलवटते. नाजूक त्वचेसाठी हा प्रकार एकसंध बॅगेपेक्षा सरस आहे. उणीव अशी की जोडाची कडी कपड्याखाली थोडी वर येते आणि पोटाला घड्या असतील तर ताठपणामुळे चकतीची कड सुटते. अशा पोटाला एकसंध बॅगच बरी. कडी आणि पिशवी एकाच मापाची हवी. कडी खालून वरपर्यंत दाबत न्यावी आणि पिशवी हलकेच ओढून पाहावी. कडी एखाद्या ठिकाणी जरी बसायची राहिली तरी तिथून वास येतो.

गळतीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचे कापलेले छिद्र. ते स्टोमापेक्षा 2-3 मिमी मोठे असावे. जास्त मोठे कापले तर उघड्या त्वचेवर मळ साचून ती भाजल्यासारखी होते. इलिओस्टॉमीत, म्हणजे लहान आतड्याच्या स्टोमात, तर पाचकरसांमुळे काही तासांतच. घट्ट कापले तर कड स्टोमाला घासते, आणि स्टोमाला वेदना कळत नसल्याने जखम लक्षातही येत नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत असतो. तेवढे दिवस दर आठवड्याला माप घ्यावे, जुन्या मापावर विसंबू नये.

लावण्याआधी त्वचा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. तेल, क्रीम, मॉइश्चरायझर असलेला साबण लावला तर चकती धरत नाही. लावल्यावर एक-दोन मिनिटे तळहात ठेवून ऊब द्यावी, चिकटपणा त्या उबेनेच येतो. स्टोमा पावडर फक्त ओलसर, सोललेल्या भागावर भुरभुरावी आणि जादाची झटकावी, नाहीतर तीच चकतीला उचलते.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. त्यापुढे वजनाने चकती ओढली जाते. वायू बाहेर सोडून वास अडवणारा पिशवीतला कोळशाचा फिल्टर भिजला की बंद पडतो, म्हणून आंघोळीच्या वेळी सोबतचे स्टिकर त्यावर लावावे. वायूने पिशवी फुगली तर टाचणीने भोक पाडू नये, वास थांबत नाही. उलट पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटून मळ वरच अडकत असेल, तर लावण्यापूर्वी आत थोडी हवा भरावी.

चकती साधारण तीन-चार दिवस टिकते, पण खाज किंवा जळजळ सुरू झाली तर तेवढे थांबू नये. काढताना वरून खाली, दुसऱ्या हाताने त्वचा दाबून धरत सोडवावी. मग ती लगेच फेकू नये, मागची बाजू पाहावी. छिद्राभोवती सगळीकडे सारखीच झिजली असेल तर बदलण्याचे अंतर कमी करावे. एकाच बाजूला झीज किंवा मळाची वाट दिसली तर तिथे पोटाला खळगा आहे. त्या जागी सील रिंग (मऊ, चिकट कडे) किंवा पेस्ट भरावी, आणि तरीही गळले तर त्वचेच्या बाजूने फुगीर असलेली चकती हवी का, हे स्टोमा नर्सकडून ठरवून घ्यावे.