रिजेक्शन रिपोर्ट आपोआप मेलवर: १० महिने वापरून झाल्यावर

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (धातू ओतून पार्ट बनवायचा कारखाना) मी अकाउंट्सला आहे, पण कंप्युटरमधलं थोडंफार कळतं म्हटल्यावर प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. रोज सकाळी आल्या आल्या पहिलं काम काय, तर रिजेक्शनचा, म्हणजे कालचे किती नग खराब निघाले त्याचा रिपोर्ट. ईआरपीच्या (कारखान्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) डेटाबेसवर क्वेरी मारायची, म्हणजे हवी ती माहिती मागायची, रिझल्ट एक्सेलमध्ये चिकटवायचा, रंग भरायचे आणि साहेबांना मेल टाकायचा. अर्धा तास तिथंच. रजेवर असलो तर साहेबांचा फोन जोतिबाच्या पायऱ्यांवर पण यायचा, "आजचा रिपोर्ट दिसत नाही रे". शेवटी वैतागून सगळं ऑटोमॅटिक केलं, त्याला आता १० महिने झाले.

आमचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर, पण फुकटातली एक्सप्रेस एडिशन. नेटवर बघाल तिथं एकच सल्ला, डेटाबेस मेल (डेटाबेसमधनंच मेल पाठवायची सोय) चालू करा, एजंटमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारा भाग) जॉब लावा, झालं काम. एक्सप्रेसमध्ये एजंटही येत नाही आणि डेटाबेस मेलही येत नाही, हे कळायला माझा एक अख्खा सोमवार गेला (आमची सुट्टी सोमवारी). मग पायथनची ऐंशीएक ओळींची स्क्रिप्ट लिहिली, ती क्वेरी चालवते, टेबल बनवते आणि जीमेलवरनं पाठवते, आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवतो तो) सकाळी ७:२० ची वेळ दिली. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड स्क्रिप्टमध्ये चालत नाही, २०२२ पासनं ते बंदच आहे, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढायचा. आणि डेटाबेसला लॉगिन फक्त वाचायचं द्या, माझ्यासारखं अ‍ॅडमिनचं वापरत बसू नका, मी दोन महिने बसलो होतो. खर्च म्हणाल तर शून्य.

पहिल्याच आठवड्यात भांडण. क्वालिटीचे मामा रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी उभे, "तुझा कंप्युटर खोटं बोलतोय का मी?" बघितलं तर दोघंही खरे. क्वेरीतली तारीख रात्री १२ ला बदलते, पण भट्टीवरच्या माणसाचा दिवस सकाळी ७ ला बदलतो. रात्रपाळी ११ ते ७, म्हणजे तिचा पहिला तास एका तारखेत आणि बाकीचे सात दुसऱ्या तारखेत, एकाच पाळीचं रिजेक्शन दोन दिवसांत वाटलं जायचं. हातानं करताना मी हे नकळत जुळवून घेत होतो, स्क्रिप्टला कोण सांगणार. उपाय एका ओळीचा, एंट्रीच्या वेळेतनं ७ तास वजा करायचे आणि मग तारीख काढायची. मामा तवर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

आता खरा घोळ ऐका. रोजचा मेल कोण वाचतंय म्हणून मी लई हुशारी केली, एखाद्या पार्टचं रिजेक्शन ५ टक्क्यांच्या वर गेलं तरच मेल जाईल असं केलं. मस्त चाललं होतं, कधी मेल यायचा, कधी नाही. मग एकदा सलग चार दिवस मेल नाही. साहेब खूश, मामा खूश, चहाबरोबर सगळ्यांना वडा आला. पाचव्या दिवशी मलाच शंका आली, कारण चार दिवस एकही पार्ट बिघडत नाही अशी फौंड्री अजून जन्माला यायची आहे. लॉग (स्क्रिप्टनं काय केलं त्याची नोंद) उघडला तर रोज लॉगिन फेल! ऑफिसात कुणीतरी त्या जीमेलचा पासवर्ड बदलला होता, आणि तो बदलला की आधीचे अ‍ॅप पासवर्ड आपोआप रद्द होतात. त्या चार दिवसांत एका हाउसिंगच्या पार्टला ब्लोहोल (ओतीव मालात हवा अडकून पडलेली भोकं) येत होते, ते कुणाच्या डोक्याला ताप न होता जमा होत राहिले. वडा मात्र पचला.

तेव्हापासनं मेल रोज जातो, काही नसलं तरी जातो. सब्जेक्टमध्येच लिहितो, तारीख, किती हीट (भट्टीत एकदा वितळवलेला माल म्हणजे एक हीट), किती नग रिजेक्शनला गेले. साहेब सकाळी रंकाळ्यावर फिरायला असतात, त्यांना नुसतं नोटिफिकेशन बघून कळतं, मेल उघडायची पण गरज नाही. टेबल मेलमध्येच दिसतं, अटॅचमेंट फक्त मागेल त्याला. सुट्टीनंतर मंगळवारी "० हीट" असा मेल येतो, पहिल्यांदा साहेब हसले, पण आता तोच आला नाही तर मला फोन येतो.

बारीकसारीक त्रास अजून आहेत. पावसाळ्यात लाइट गेली की रिपोर्ट गायब व्हायचा, आणि पीसी तर यूपीएसवर चालूच असायचा. निघालं असं, की यूपीएस यूएसबीनं जोडला की विंडोज त्याला लॅपटॉपची बॅटरी समजतं, आणि टास्क शेड्युलरमध्ये "एसी पॉवरवर असेल तरच चालवा" ही खूण आधीच मारलेली असते. ती काढा, आणि चुकलेली वेळ नंतर लगेच चालवायची खूण मारा. सीएसव्ही (स्वल्पविरामानं कॉलम पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) पाठवत असाल तर मराठी नावं एक्सेलमध्ये चित्रविचित्र दिसतात, फाइल यूटीएफ-८ बीओएमसकट (अक्षरं कशी वाचायची हे सांगणारी फाइलच्या सुरुवातीची खूण) सेव्ह करा. हीट नंबरच्या पुढचं शून्य एक्सेल खातं ते खातंच, मी सरळ एक्सेलचीच फाइल बनवून तो कॉलम टेक्स्ट केला.

दुसऱ्या कुणाकडं एक्सप्रेस नसून स्टँडर्ड एडिशन असेल तर त्यातलंच डेटाबेस मेल वापरा, माझ्या स्क्रिप्टच्या नादाला लागू नका. फक्त त्यात अटॅचमेंटची मर्यादा मुळात १ एमबीच्या आसपास असते, ती सेटिंगमधनं वाढवायची.

एकदा चालू झाल्यावर जो तो येऊन "मला पण एक मेल लाव की" म्हणायला लागला. स्टोअरचा, डिस्पॅचचा, लाइट बिलाच्या युनिटचा, एकाचे सहा झाले. त्यातला डिस्पॅचचा मी तीन आठवड्यांपूर्वी गुपचूप बंद केलाय, कोण विचारतंय बघायला. अजून कुणी विचारलेलं नाही.