शेरीफ निवडून आलेला बरा की नेमलेला? मतपत्रिकेवर प्रश्न आलाच तर

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या मंडळींना पहिली मतपत्रिका हातात आली की नेत्यांच्या नावांपेक्षा त्यावरचे 'हो की नाही' प्रश्नच जास्त बुचकळ्यात टाकतात. राज्यघटनेत दुरुस्ती करून शेरीफचं किंवा कॉन्स्टेबलचं (आपला हवालदार नव्हे, हाही काही राज्यांत निवडून येणारा अधिकारी) पद रद्द करावं का, असाही प्रश्न त्यात कधी येतो. आपल्याला शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल आठवतात, म्हणजे मानाचं पद. इथला शेरीफ, म्हणजे काउंटी नावाच्या जिल्ह्यासारख्या भागाचा कायदा-अधिकारी, मात्र फलक लावून, दारोदार फिरून मतं मागतो आणि बहुतेक ठिकाणी पुढची चार वर्षं खुर्चीत बसतो.

हा प्रश्न माझ्यापुढे नोव्हेंबर 2000 मध्ये आला, कनेटिकटमध्ये. तिथे आठ काउंट्या आणि आठ शेरीफ होते. काउंटीचा कारभार 1960 मध्येच गुंडाळला होता, पण शेरीफ राज्यघटनेत लिहिलेला असल्यामुळे साध्या कायद्याने हलत नव्हता. गस्त आणि तपास शहरांचे नि राज्याचे पोलीस करत. शेरीफकडे उरलं होतं ते नोटिसा-समन्स बजावणं, कैद्यांची ने-आण आणि कोर्टाचा बंदोबस्त. थोडक्यात, आपल्याकडचा बेलीफ, फक्त त्याचा साहेब मतांवर निवडून आलेला.

मी पद रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझा कल वजा करू शकाल.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी नेहमी मायामीतल्या आतेभावाकडून ऐकतो, आणि ते वजनदार आहे. मायामी-डेड काउंटीने 1966 मध्ये, भ्रष्टाचाराची प्रकरणं बाहेर आल्यावर, निवडून येणारा शेरीफ बंद केला. पुढे पन्नासहून जास्त वर्षं तिथे पोलीसप्रमुख नेमला जायचा. मग 2018 मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटनाच अशी दुरुस्त केली की प्रत्येक काउंटीने शेरीफ निवडलाच पाहिजे. 2024 मध्ये निवडणूक झाली आणि जानेवारी 2025 पासून तिथे पुन्हा लोकांनी निवडलेला शेरीफ आहे. "नेमलेला माणूस महापौरांच्या तोंडाकडे बघणार, निवडलेला आमच्या," असं माझा भाऊ म्हणतो. जिथे शेरीफ खरोखर गस्त घालतो, अटक करतो, तुरुंग चालवतो, तिथे हे मला पटतं. मात्र फ्लोरिडात त्या एकाच प्रश्नात शेरीफबरोबर माजी सैनिकांचं खातं, दहशतवादविरोधी कार्यालय आणि विधिमंडळाच्या अधिवेशनाची तारीखही बांधलेली होती. एका 'हो'मध्ये चार गोष्टी मागणं मला बरं वाटत नाही.

आता माझं मत कशामुळे ठरलं ते सांगतो.

आमचं दोन मजली घर होतं. खाली आम्ही, वर भाडेकरू. चार महिने भाडं आलं नाही तेव्हा जागा सोडण्याची नोटीस द्यावी लागली. तिथे अशी नोटीस सहसा अधिकृत माणसाकडून बजावून घेतात, म्हणून शेरीफच्या डेप्युटीला कागद दिले, फी भरली. कोर्टात तारखेला त्याचा बजावणीचा अहवाल वाचला तेव्हा कळलं की नोटीस त्याने पहिल्या मजल्याच्या दाराला लावली होती. अमेरिकेत पहिला मजला म्हणजे तळमजला, म्हणजे आमचंच दार. ती पिवळट चिठ्ठी हिने वाऱ्याने उडून आलेला कागद समजून पायपुशीखाली सरकवून ठेवली होती. जागा खाली करून घेण्याचा आमचा अर्ज फेटाळला गेला, पुन्हा नोटीस, पुन्हा फी, आणखी दोन महिने.

चूक माणसाकडून होते, त्याचं मला फार काही नाही. खरा त्रास त्यानंतर झाला. दाद मागायला म्हणून फोन केला तर उत्तर मिळालं, तो पगारी नोकर नाही, नोटिशीमागे फी घेतो. मग त्याला नेमलं कोणी? शेरीफसाहेबांनी. आणि साहेबांना? लोकांनी. म्हणजे फिरून ते माझ्यावरच आलं! घटनेप्रमाणे शेरीफला काढण्याचा अधिकार विधिमंडळाला होता, पण एका चिठ्ठीसाठी विधिमंडळाचं दार कोण ठोठावणार? चार वर्षांनी मत देऊन राग काढायचा, एवढंच हाती. आणि तेही डेप्युटीवर नाही, त्याच्या साहेबावर.

त्या नोव्हेंबरमध्ये पडद्याआड लिव्हर ओढून मत देण्याच्या मशीनपुढे उभा राहिलो तेव्हा डोळ्यांसमोर ती पायपुशी होती.

दुरुस्ती मंजूर झाली. 1 डिसेंबर 2000 पासून कोर्टाचा बंदोबस्त आणि कैद्यांचं काम न्यायखात्याच्या मार्शलांकडे गेलं, नोटिसांचं काम राज्य मार्शलांकडे. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की माणसं फारशी बदलली नाहीत. पदावर असलेले डेप्युटीच मार्शल होऊ शकत होते, आणि फीवर पोट भरण्याची पद्धतही तशीच राहिली. बदल झाला तो एकच: राज्य मार्शलांच्या वर एक आयोग आला. त्याचे सदस्य मुख्य न्यायाधीश, राज्यपाल आणि विधिमंडळातले नेते नेमतात, आणि मार्शलविरुद्धची तक्रार तिथे लेखी करता येते. त्यानंतर मला दोनदा नोटीस बजवावी लागली. एकदा मार्शलने आधी फोन करून विचारलं, "जिना बाहेरून आहे की आतून?" दोन अनुभवांवरून व्यवस्था सुधारली असं म्हणणं धाडसाचं होईल, पण मला बरं वाटलं.

टेक्ससमध्ये राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथला कॉन्स्टेबलही राज्यघटनेत आहे, त्यामुळे मिल्ससारख्या छोट्या काउंटीतलं पद काढायलाही प्रश्न सगळ्या राज्यापुढे गेला. त्या काउंटीच्या मतदारांचंही बहुमत लागेल अशी अट त्यात होती, ते योग्यच. पुढे 2002 मध्ये अशी सोय झाली की सात वर्षं ओळीने रिकामं राहिलेलं पद काउंटीलाच निष्क्रिय ठरवता येतं. माणूसच नसलेल्या पदासाठी मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते.

तुमच्या भागातला शेरीफ रात्री गाडी घेऊन फिरणारा असेल तर आतेभावाचं ऐका, मी वाद घालणार नाही. तो मुख्यतः कागद पोचवणारा असेल तर मी आजही 'हो'च म्हणेन. फक्त प्रश्नाचा उत्तरार्ध नीट वाचा: काम कोणाकडे जाणार आणि त्याच्याविरुद्ध तक्रार कोण ऐकणार. पद रद्द करून सगळं एकाच साहेबाच्या मर्जीवर सोपवलेलं दिसलं, तर माझंसुद्धा मत 'नाही'ला जाईल.