प्रोब धरायचा तिसरा हात: आठ महिने वापरून

मीटरचे दोन प्रोब, म्हणजे बोर्डाला टेकवायच्या टोकदार कांड्या, दोन हातांत, टॉर्च दातांत आणि आकडा बघायला मान वाकडी. लातूरला गंजगोलाईजवळच्या गल्लीत माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथं वर्षानुवर्षं असंच चाललेलं. मग एका सोलर पंपाच्या कंट्रोलरवर हात घसरला. प्रोबचं टोक १२ व्होल्टच्या आणि शेजारच्या ५ व्होल्टच्या पिनला एकदमच टेकलं. टक्कन आवाज झाला, आयसी (बोर्डावरची चिप) गेला. गिऱ्हाइकाला बोर्ड पदरचा घालून दिला.

प्रोब धरायला आधी आणला तो चिमट्यांचा स्टँड, लोखंडी बूड आणि वर भिंग असलेला. वायर सोल्डर करायला झकास, प्रोबला बेकार. गोल प्रोब चिमट्यात फिरतो. मग दुप्पट पैसे मोजून लवचीक मानेचा घेतला. दोन महिने बरा उभा राहिला, नंतर सांधे ढिले पडून मान टाकायला लागला. चिकट पुट्टीने प्रोब डकवूनही पाहिला, पण आमच्या पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात पुट्टीचं लोणी होतं.

या सगळ्यांत प्रोब लटकत राहतो, टोकावर भार पडत नाही. हे ध्यानात यायलाच मला तीन महिने लागले. शेजारच्या सायकलवाल्या मामांकडून तुटके स्पोक आणले. "चाक कुठंय रे?" म्हणून हसले, पैसे काही घेतले नाहीत. स्पोक वाकवून मागं दोन पाय केले, पुढं शिवायची सुई. झाली तिपाई. सुईच्या अंगाला एक जाड नट बांधला, म्हणजे सगळा भार सुईवर येतो आणि ती पॅडवर, म्हणजे बोर्डावरच्या सोल्डरच्या ठिपक्यावर, रुतून बसते. टेबलाला धक्का लागला तरी जागा सोडत नाही. कंट्रोलरच्या बोर्डावर ओलीपासून बचावाला लॅकरचा थर असतो, त्यावर साधा प्रोब नुसता घसरतो. सुई तो थर फोडून आत जाते.

सुईला सोल्डर सहजी धरत नाही. नेढ्याजवळ घासायचं, वायर नेढ्यातून ओवून पीळ द्यायचा, मग फ्लक्स (सोल्डर धरायला लावायची पेस्ट) लावून सोल्डर. टोक सोडून सगळ्यावर स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी), स्पोकवरसुद्धा. वायर मात्र सिलिकॉनचीच घ्या. मीटरची जाड पीव्हीसी वायर स्वतःच्या ताठरपणानं सुई ओढून काढते. निम्मा त्रास तिचाच होता. सुई वाकते, बोथट होते, तेव्हा बदलायची. पाकीट दहा रुपयांना मिळतं.

फवारणी पंपाचे एकसारखे चार्जर आठ-दहा आले तर दाबलं की आत जाणाऱ्या स्प्रिंगच्या पिना लाकडी पट्टीत ठोकून वापरतो. त्यातली पी-७५ नावाची पिन १.०२ मिमी जाडीची, त्यामुळे भोक नेमकं पाडावं लागतं. एकट्या बोर्डासाठी एवढा खटाटोप नको.

हा घरगुती जुगाड मेन्सच्या अंगाला अजिबात लावू नका. २३० व्होल्टच्या सप्लायमध्ये मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात. तिथं सप्लाय बंद करून, कपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरनं खात्री करून, चांगल्या इन्सुलेशनचे हूकवाले प्रोब अडकवायचे. मग सप्लाय चालू, हात मागं.

अर्ध्या मिलिमीटर अंतराच्या पिनांपुढं सुईनंही हात टेकले. तिथं ट्रान्सफॉर्मरची बारीक एनॅमल तार सोल्डर करतो आणि पॅडच्या जरा अलीकडं ती टेपनं दाबून ठेवतो, नाहीतर तार ओढली जाऊन पॅडच उपटतो. दोन उपटून झालेत.