टीएलए प्लस आणि टीएलसी, सहा महिने वापरून: लाल निकालावर विश्वास, हिरव्यावर जरा कमी

आधीच सांगतो, मी गणितवाला माणूस नाही. सर्व्हरवरचा कोड लिहितो आणि रात्री अलार्म वाजला की उठतो, त्यातूनच हे प्रकरण मागे लागलं. आमच्याकडे कामांची एक रांग होती, वर्कर तिच्यातून काम उचलणार, ठराविक वेळेची लीज घेणार, वेळेत झालं नाही तर लीज संपून दुसरा वर्कर ते काम घेणार. डिझाइन तिघांनी बघून ओके केलेलं, टेस्ट सगळ्या पास, आणि तरी कधीतरी एकाच कामाचे दोन निकाल लिहिले जायचे. लॉगमध्ये डोळे फोडून काही मिळेना तेव्हा म्हटलं चला, एकदा हे फॉर्मल मेथड्सवाले, म्हणजे गणिती पद्धतीने डिझाइन तपासणारे, काय म्हणतात ते तरी बघू.

टीएलए प्लस म्हणजे लेस्ली लॅम्पोर्टची भाषा, तोच लाटेक्स या टाइपसेटिंग सॉफ्टवेअरवाला, ज्याला संगणकशास्त्रातलं 2013 चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. प्रोग्रॅम नाही लिहायचा यात, सिस्टम कुठून सुरू होते आणि एका पायरीत काय काय होऊ शकतं एवढंच लिहायचं. मग टीएलसी हा मॉडेल चेकर त्या वर्णनातून निघणाऱ्या सगळ्या स्थिती एकेक करून तपासतो. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या, नशिबाने सापडलेल्या नव्हे. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जावा लागतं. जुना टूलबॉक्स एक्लिप्सवर बांधलेला आहे, मी दोन दिवसात सोडला आणि व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन घेतलं.

पहिला आठवडा वैतागात गेला. 'आणि' लिहायला दोन तिरक्या रेघा जोडायच्या, त्या एकाखाली एक नीट आल्या नाहीत तर अर्थच बदलतो. पुढच्या स्थितीतली किंमत म्हणजे व्हेरिएबलवर प्राइमची खूण. आणि जे बदलत नाही ते पण 'अनचेंज्ड' म्हणून सांगावं लागतं, विसरलात की टीएलसी म्हणतो पुढची स्थिती पूर्ण सांगितलेलीच नाही. हे मी किती वेळा विसरलो ते विचारू नका. नेहमीच्या कोडसारखं दिसणारं प्लसकॅल पण आहे, त्याचं भाषांतर टीएलए प्लसमध्ये होतं, पण मला सरळ मूळ भाषाच बरी वाटली, एरर आली की निदान स्वतःच लिहिलेलं वाचायला मिळतं.

आता खरी मजा. दोन वर्कर, एक काम, इन्व्हेरियंट, म्हणजे कायम खरी राहायला हवी अशी अट, एकच, निकाल एकापेक्षा जास्त वेळा लिहिला जाऊ नये. चालवलं, दोन सेकंदात लाल, म्हणजे चूक सापडली, आणि खाली सहा स्थितींचा ट्रेस, म्हणजे चुकीपर्यंत कसं पोचलो त्याची यादी. सुरुवात, पहिल्याने काम घेतलं, लीज संपली, दुसऱ्याने घेतलं, पहिल्याने निकाल लिहिला, दुसऱ्याने लिहिला. बस. वाचताना वाटतं हे तर शेंबड्या पोरालाही कळेल, पण आम्हा तिघांपैकी एकालाही दिसलं नव्हतं, कारण आमच्या डोक्यात वर्कर कायम जागा होता. गार्बेज कलेक्शनमुळे, म्हणजे मेमरी साफ होत असताना, तो मध्येच गोठला तर काय, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. टीएलएमध्ये तो वेगळा लिहावाही लागत नाही, तिथे कोणीही पायऱ्यांच्या मध्ये कितीही वेळ थांबू शकतो, हेच गृहीत आहे.

मग शहाणपणा करून प्रत्येक लीजला वाढता टोकन नंबर दिला, लिहिण्याआधी तपासायचं की आपला टोकन अजून ताजा आहे का. परत लाल. आता आठ स्थिती. टोकन तपासला, मग लीज संपली, दुसऱ्याने काम घेतलं, आणि पहिला आपला जुन्या तपासणीच्या भरवशावर लिहून मोकळा. तपासणं आणि लिहिणं एकाच अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये एकाच कंडिशनल अपडेटमध्ये (अट खरी असेल तरच होणाऱ्या) आणलं तेव्हा कुठे शांत झालं. टीएलसी एका थ्रेडवर चालवला तर सर्वात छोटा ट्रेस देतो, त्यामुळे फापटपसारा नसतो, प्रत्येक पायरी कामाची असते. या एका गोष्टीसाठी मी बाकी सगळा त्रास माफ करतो.

अ‍ॅमेझॉनवाले 2011 पासून हे वापरतायत, आणि 2015 च्या त्यांच्या लेखात डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमधल्या एका बगचा उल्लेख आहे ज्याचा सर्वात छोटा ट्रेस 35 पायऱ्यांचा होता. 35! सहा पायऱ्या आम्हाला दिसल्या नाहीत, तिथे 35 कोण माणूस बघणार.

आता तक्रारी. तसं बघितलं तर पहिली माझीच चूक आहे पण टूल मदत करत नाही. माझ्या मॉडेलमध्ये काम संपलं की पुढे काहीच होत नाही, त्याला टीएलसी डेडलॉक (सिस्टम अडकली) म्हणतो, म्हणून मी ती तपासणी बंद केली. नंतर एका बदलात एक अट अशी लिहिली जी कधीच खरी होणार नव्हती. निकाल काय तर एरर सापडली नाही! मी खुशीत चहा प्यायला गेलो. परत येऊन आकडा बघितला, वेगळ्या स्थिती एकूण 1. म्हणजे सिस्टम जागची हललीच नव्हती, न चालणारी सिस्टम चुकणार कशी. तेव्हापासून मी मुद्दाम एक खोटा इन्व्हेरियंट लिहितो, 'काम कधीच पूर्ण होत नाही', आणि तो मोडला तरच पुढचा हिरवा निकाल मानतो.

दुसरी, स्थितींचा स्फोट. टोकनला वरची मर्यादा घालायला विसरलो, रात्री चालू ठेवून झोपलो, सकाळी बघतो तर तपासायच्या राहिलेल्या स्थितींची रांग वाढतेच आहे आणि डिस्क भरत आलीय. नंबर वाढतच जाणार तर स्थिती संपणार कधी? कन्स्ट्रेंट, म्हणजे मर्यादेची अट, लावून टोकन चारपर्यंतच ठेवला. वर्कर तीनाचे चार केले की चहाच्या वेळेत होणारं काम जेवणापर्यंत जातं. दोन-तीन वर्करमध्ये बहुतेक चुका सापडतात हा अनुभव, पण तो पुरावा नाही हे लक्षात असू द्या.

लाइव्हनेस, म्हणजे 'काम कधी ना कधी होईलच', हा भाग सर्वात अवघड. कन्स्ट्रेंट असताना याचे निकाल फसवे येऊ शकतात, म्हणून टोकन काढून छोटं मॉडेल वेगळं केलं. आधी टीएलसी म्हणाला सगळे नुसते बसून राहतील, म्हणून वीक फेअरनेस (संधी सतत असेल तर पायरी कधीतरी होतेच, असं गृहीत) घातला, तरी लाल. काम घेतलं, लीज संपली, घेतलं, संपली, असं गोल गोल. स्ट्राँग फेअरनेस घातल्यावर पास झालं, पण मग लक्षात आलं की मी फक्त असं गृहीत धरलंय की पुन्हा पुन्हा संधी मिळाली तर वर्कर एकदा तरी लीजच्या आत संपवेल. खरोखर तपासलं तर मोठ्या फाइलच्या कामांना लीजपेक्षा जास्त वेळ लागत होता. ती कामं कायम फिरतच राहिली असती.

हार्डवेअरवाल्यांना हे नवीन नाही. 1994 च्या पेंटियमच्या भागाकाराच्या बगने इंटेलला 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला, तेव्हापासून त्या जगात फॉर्मल तपासणी गंभीरपणे घेतात. पण चिपचा आरटीएल, म्हणजे सर्किटचं वर्णन करणारा कोड, तपासायचा असेल तर टीएलसी नको, त्यासाठी सिम्बियोसिससारखी (SymbiYosys) वेगळी टूल्स आहेत.

आणि हो, हे तुमचा कोड तपासत नाही, फक्त डिझाइन तपासतं. कोडमध्ये अपडेटची अट लिहायला विसरलात तर टीएलसीला पत्ताही लागणार नाही. साधी वेबसाइट, एकच डेटाबेस असं असेल तर या भानगडीत पडू नका. दोन मशीन एकमेकांशी बोलत असतील आणि मधला मेसेज हरवू शकत असेल तर मात्र दोन आठवडे द्या.

माझ्याकडून पाचपैकी चार, एक एरर मेसेजेससाठी कापला. स्पेकची, म्हणजे टीएलए प्लसमधल्या वर्णनाची, फाइल आता कोडच्याच रेपोमध्ये आहे. गेल्या महिन्यात लीज वाढवून घ्यायची सोय टाकायची होती, आधी फाइलीत टाकली आणि चालवलं, सातव्या स्थितीला लाल.